सिगिलायने मला प्रार्थना दिली

माझ्या भावाला दारुडा ठरवून कारखान्याने हात झटकले, आणि त्याच कारखान्याच्या वार्षिक सभेत प्रार्थना सांगायचा मान मला दिला. मान! निर्लज्जपणाला काही हद्द असते की नाही?

किप्लाबात माझा धाकटा भाऊ. आमच्या चहाच्या कारखान्यात बॉयलर सांभाळायचा. ऐन हंगामात बॉयलर फुटला आणि तो गेला. आम्ही त्याला बुटांवरून ओळखलं. अहवालात मात्र छापून आलं, 'कर्मचारी मद्याच्या अमलाखाली असल्याने दुर्घटना.' ज्याचं तोंडच उरलं नव्हतं, त्याच्या तोंडाला दारूचा वास कुणाला आला, देव जाणे. आमच्या चर्चची माणसं दारू गाळणाऱ्या घरी पाणीसुद्धा पीत नाहीत. किप्लाबातने तर स्वतःच्या लग्नात सख्ख्या काकाला बुसाच्या, म्हणजे मक्याच्या गावठी दारूच्या, मडक्यासकट अंगणाबाहेर बसवलं होतं. काका अजून ते विसरलेला नाही.

खरं काय झालं ते सगळ्या टेकडीला ठाऊक होतं. बॉयलरमधली जादा वाफ सोडणारा सेफ्टी व्हॉल्व्ह गंजून गच्च बसला होता. नवा बसवायचं काम अध्यक्ष आराप सिगिलायच्या मेहुण्याला मिळालं. मेहुण्याने जुन्यालाच चंदेरी रंग फासला आणि नव्याचं बिल लावलं. संचालकांनी माना डोलावल्या. तपासनीस नैरोबीहून आले, सिगिलायकडे बकरा खाल्ला आणि सही करून गेले. किप्लाबात मॅनेजरला सांगून सांगून थकला. पाला ओतू जातोय, आत्ता बॉयलर बंद ठेवता येणार नाही, एवढंच उत्तर मिळायचं. स्फोटानंतर तो व्हॉल्व्ह उडून चहाच्या झुडपांत पडला. पाला खुडणाऱ्या बायकांनी पाहिला, वर चंदेरी पोपडे आणि आत नुसता गंज. दुपारी कारखान्याची गाडी येऊन तो उचलून घेऊन गेली.

आता आम्ही सगळे या कारखान्याचे भागधारक, म्हणजे मालक. पाला आम्ही घालायचा, मालक म्हणून टाळ्या आम्ही वाजवायच्या, पण प्रश्न विचारायचा तर तो लेखी, आगाऊ आणि सिगिलायला रुचेल असाच. माझा प्रश्न 'सभेच्या विषयाशी संबंधित नाही' असा शेरा मारून परत आला. माणूस मेला, तो विषय नाही! मग विषय काय, छत्र्या? दर सभेला कारखान्याचं नाव छापलेली छत्री, अर्धा पाव आणि सोड्याची बाटली मिळाली की आमचे लोक वर्षभर गप्प.

सभेच्या सकाळी चेलिमो, माझी भावजय, यायलाच तयार नव्हती. दारू पिऊन मेला म्हटल्यावर भरपाई बुडाली होतीच, पण तिचं दुःख वेगळं होतं. चर्चमध्ये तिच्या बाकावर कुणी बसेना. पोरांना शाळेत 'ए बुसा' म्हणून हाका मारायचे.

"ताई, माझ्याकडे सगळे बघतील," ती म्हणाली.

"बघू देत. तू चोरी केलीस का? ज्यांनी केली ते पुढच्या रांगेत कोट घालून बसतात. चल."

मांडवात शिरलो तोच सिगिलाय दोन्ही हात पुढे करून आला. "बाई, तुम्ही आमच्या गुरू. आजची प्रार्थना तुम्हीच सांगायची." शाळेत मीच त्याला वजाबाकी शिकवली होती. पोरगा मन लावून शिकला होता, दिसतच होतं. वळून सेक्रेटरीला हळूच म्हणाला, "प्रार्थना दिली की म्हातारी गप्प बसेल."

म्हातारीला अजून ऐकू येतं म्हटलं.

मी माइकपाशी गेले. सगळे उभे राहिले, टोप्या उतरल्या, डोळे मिटले. आमच्याकडे प्रार्थना मध्येच कुणी तोडत नाही. मंत्री असो, पोलीस असो, चालू प्रार्थनेत तोंड उघडायची कुणाची छाती नाही. सिगिलायने सभेची सगळी दारं बंद केली होती, आणि त्या मूर्खाने हे एक स्वतःच्या हाताने माझ्यासाठी उघडलं.

"देवा," मी म्हणाले, "या हिरव्या टेकड्यांबद्दल तुझे आभार. पावसाबद्दल आभार. आमच्या संचालकांच्या नव्या गाड्यांबद्दलही आभार, कारण त्या कुठून आल्या हे तुला माहीत आहे."

कुणीतरी खोकलं. डोळे मात्र मिटलेलेच.

"देवा, तू किप्लाबातला ओळखतोस. त्याने जन्मात दारू प्यायली नाही, हे तू पाहिलंस. व्हॉल्व्ह गंजलाय म्हणून तो ऑफिसच्या दारात उभा राहिला आणि त्याला हाकलून दिलं, तेही तू पाहिलंस. गंजावर रंग कुणी फासला आणि नव्याचे पैसे कुणी खाल्ले, तेही तुला दिसलं. कामं मिळवणारे मेहुणे आमचे नसतील, देवा, पण माणूस आमचा होता. मेलेल्यावर खोटं रचणारी जीभ तू जागच्या जागी वाळव. आणि मी बोलले त्यात एक अक्षर खोटं असेल, तर आधी माझी वाळव. येशूच्या नावाने मागते."

"आमेन!"

अख्खा मांडव दणाणला. त्यात एक आमेन भोंग्यातून आला. सिगिलायच्या पुढ्यातला माइक चालूच होता आणि लहानपणापासूनची सवय, तोंडातून निघून गेलं. त्याने झटकन हात तोंडावर नेला, पण उशीर झाला होता. मागच्या रांगांत बायका फिसकन हसल्या.

"बसा, बसा," तो म्हणाला. "विषय पहिला..."

शेवटच्या रांगेत चेलिमो उभीच राहिली. मग तिच्या शेजारची बसली नाही. मग खुडणाऱ्या बायका. काही बाप्ये बसले होते, त्यांना त्यांच्याच बायकांनी दंड धरून उठवलं.

"बसल्याशिवाय सभा सुरू होत नाही," सेक्रेटरी ओरडला.

"मग नका करू सुरू!" कुणीतरी मागून ओरडलं.

सिगिलायने घाम पुसला. आवाजात मध ओतून म्हणाला, "चेलिमो, मुली, आम्हाला का दुःख नाही? माणुसकी म्हणून संचालक मंडळ तुला काहीतरी देईल. बस तू."

चेलिमो इतके महिने कुणाशी धड बोलली नव्हती. पण आता तिचा आवाज सगळ्यांना ऐकू गेला.

"माणुसकी तुमच्याकडेच ठेवा. माझ्या हक्काचं मला द्या. त्याच्याही आधी, त्या माइकवर सांगा की माझा नवरा शुद्धीत होता."

"अहो, पण अहवाल छापून झालाय..."

"तोंडाने सांगा. आत्ता आमेन म्हणालात ना?"

सिगिलायने संचालकांकडे पाहिलं. संचालक आपापल्या बुटांकडे पाहत होते. माइक जवळ ओढून तो पुटपुटला, "किप्लाबात... शुद्धीत होता."

"मोठ्याने!" मी म्हणाले, वर्गात म्हणायची तशी.

"शुद्धीत होता!"

चेलिमोने डोक्याच्या रुमालाचं टोक तोंडात कोंबलं आणि रडली. मलाही भरून आलं, पण माझा राग काही उतरला नाही. एवढ्याने कसा उतरेल?

तेवढ्यात म्हाताऱ्यांच्या रांगेतून काका काठी टेकत उठला. ज्याला किप्लाबातने मडक्यासकट बाहेर बसवलं होतं, तोच. साऱ्या टेकडीवर दारू चढल्याचं त्याच्याइतकं कुणाला कळत नाही.

"बरं, शुद्धीत होता," काका म्हणाला. "मग अध्यक्षसाहेब, बॉयलर फुटला कशाने?"

पुढच्या रांगेतली मेहुण्याची खुर्ची, मघाशी भरलेली, आता रिकामी होती. मांडवामागे गाडी सुरू झाल्याचा आवाज आला, आणि उभ्या लोकांतले बरेचजण तिकडे धावले.