सात विषयांचा शिक्का

मुलीचे एक वर्ष वाचणार होते. तिच्या ताईला परिचारिका होण्याची शेवटची संधी मिळणार होती. कारकूनकाकांना जेवायची सुट्टी वेळेवर मिळणार होती, आणि नव्या सल्लागार सरांना खुर्चीतून उठावे लागणार नव्हते. मला काय मिळणार होते? थोडी शाई. मित्रांनो, एका कागदावर इतक्या सगळ्यांचा फायदा एकदम दिसू लागला, की जरा सावध व्हावे. मला ते जमले नाही. मी लाकडी मुठीचा, रबरी तोंडाचा जुना शिक्का आहे, आणि माझ्या हातात काहीच नसते. मीच कुणाच्या तरी हातात असतो.

एका अरुंद गल्लीतल्या शिक्केवाल्याने मला घडवले. रबरावर उलटी अक्षरे कोरताना तो कुरकुरत होता. वाक्य लांब होते: ‘विद्यार्थ्याशी बोलून जादा विषयांची परवानगी दिली.’ नुसते ‘परवानगी दिली’ करा की, असे त्याने सुचवून पाहिले. शाई तरी वाचेल.

‘शाई वाचवायला नाही, पोरं वाचवायला करून घेतेय,’ समोर उभ्या बाई म्हणाल्या. ‘सगळं लिहा.’

त्या विद्यापीठाच्या सल्लागार बाई, माझ्या पहिल्या मालकीण. त्यांच्याकडे पदवीला चाळीस विषय लागत. एका सत्रात पाच आणि वर्षात दोन सत्रे, म्हणजे चार वर्षे. पहिल्या वर्षी पाचाहून जास्त विषय घ्यायचे तर अर्जावर माझा ठसा हवा, आणि ठशाआधी बाईंसमोर पाव तास बसणे हवे. बाई चौकटींचा कागद आणि पेन्सिल पुढे सरकवत. ‘हा तुझा आठवडा. आधी झोप भर. मग जेवण. मग बसचा प्रवास. आता दाखव, सातवा विषय कुठे बसवतोस?’ निम्मी मुले तिथेच खोडरबर मागत. काहींना बाई परवानगी देतही. मग माझ्यावर हळूच फुंकर मारून मला कागदावर टेकवत. दर शनिवारी जुन्या ब्रशने माझी अक्षरे घासत आणि येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगत, ‘आमचा शिक्का खोटं बोलत नाही हो.’ मी फुगून जाई. रबर फुगू लागणे हे काही चांगले लक्षण नव्हे, पण तेव्हा मला ते कुठे ठाऊक होते?

बाई निवृत्त झाल्या. नवे सर आले, ते एकाच वेळी तीन पदांवर होते; त्यामुळे तिन्ही ठिकाणचे लोक त्यांना उरलेल्या दोन ठिकाणी शोधत. त्यांनी मला खिडकी क्रमांक चारच्या कारकूनकाकांकडे सोपवले.

काका वाईट नव्हते, हे आधीच सांगून ठेवतो. रांगेत कुणाला चक्कर आली तर स्वतःचे स्टूल देणारा माणूस. पण नोंदणीच्या दिवशी रांग जिना उतरून फाटकापर्यंत जाई, आणि काकांचा डबा चार वाजता उघडे. त्यांनी तोड काढली. आदल्या दिवशी शंभर कोरे अर्ज पुढ्यात घ्यायचे आणि सगळ्यांवर मला आधीच मारून ठेवायचे. सर एका दमात सह्या करीत. ठप, ठप, ठप. विद्यार्थ्याशी बोलून परवानगी दिली. कोणत्या विद्यार्थ्याशी? अर्जावर अजून नावसुद्धा नसे. पहिल्या अर्जावर माझ्या अंगावर काटा आला. विसाव्यावर तो बसला. शंभराव्यानंतर मी शाईच्या पॅडवर निवांत पडून होतो. रांग एक वाजता संपू लागली, म्हणून काकांना प्रशस्तिपत्र मिळाले. ते माझ्यासमोरच्या भिंतीवर आहे.

आणि मग त्या दोघी बहिणी आल्या.

ताई धुलाईघरात इस्त्री करणारी. मनगटावर भाजल्याच्या आडव्या खुणा. धाकटी सतराची, हातात विषयांचे पुस्तक, त्याला जागोजाग खुणेच्या चिठ्ठ्या. घरात दोघीच. एकीने कमवायचे तेव्हा दुसरीने शिकायचे, असा करार. ताईला परिचारिकेच्या शाळेत जायचे होते आणि तिथे तिशीपर्यंतच घेत. धाकटी तीन वर्षांत सुटली तर ताई एकोणतीस वर्षे सात महिन्यांची असणार होती. चार लागली, तर दार बंद. हे सगळे धाकटीने एका श्वासात काकांना सांगितले, जणू ते दार काकाच उघडणार होते.

‘दर सत्राला सात घेतले तर सहा सत्रांत बेचाळीस होतात, काका,’ ती म्हणाली. ‘दोन पडले तरी चालतात.’

‘हिशोबात पक्की आहेस. आठ घे की, मग आठ पडले तरी चालतील.’ काका स्वतःच्याच विनोदावर हसले.

ताई हसली नाही. ‘झेपेल ना हिला, काका? कुणाशी बोलावं लागतं का आधी?’

काकांनी गठ्ठ्यातून अर्ज ओढला. माझा ठसा कालचाच, वाळून कोरडा झालेला. ‘सगळं झालंय, ताई. नाव तेवढं भरा.’

बाई असत्या तर पेन्सिल उचलून म्हणाल्या असत्या, ‘पाच-पाचची सहा सत्रं, तीस झाले. तीन उन्हाळी सत्रांत तीन-तीन, नऊ. उरला एक, तो एखाद्या हलक्या सत्रात सहावा म्हणून घे. तीनच वर्षं.’ हा रस्ता त्यांनी कितीतरी मुलांना दाखवला होता. मला तो पाठ होता. पण शिक्क्याला एकच वाक्य बोलता येते, आणि ते मी काल बोलून बसलो होतो.

धाकटीने नाव भरले. ताईने अर्ज दोन्ही हातांनी धरून प्लास्टिकच्या पाकिटात ठेवला. वाटेत चुरगळू नये म्हणून.

दुसऱ्या आठवड्यात धाकटी खिडकीशी आली ती दोन विषयांच्या तासांची वेळ एकच निघाली म्हणून. तिसऱ्या आठवड्यात आली तेव्हा रांगेत उभ्या-उभ्या काचेला कपाळ टेकून झोपली होती. मागच्याने खांद्यावर टिचकी मारली. पाचव्या आठवड्यात तिने दोन विषय सोडता येतील का असे विचारले, तेही इतक्या हळू की काकांनी दोनदा ‘काय?’ केले.

‘सोडायची मुदत चौथ्या शुक्रवारी संपली, बाळ. आता सोडलेस तर नापास धरतात. दोनाहून जास्त नापास झालीस तर पहिलं वर्ष पुन्हा.’

‘हे मला कुणी सांगितलंच नाही.’

काकांनी तिचा अर्ज काढला आणि माझ्या ठशावर बोट ठेवले. दुष्टपणाने नव्हे, त्यांनाही ते खरेच वाटू लागले होते. ‘सांगितलंय म्हणून लिहिलंय की इथे.’

ती बराच वेळ माझ्या अक्षरांकडे बघत राहिली. आपल्याशी कुणीतरी बोलले होते आणि आपणच विसरलो, असे काहीसे तिच्या चेहऱ्यावर होते. मित्रांनो, माझ्या आयुष्यातले सगळ्यात वाईट काम ते. ठसा उमटवण्याचे नव्हे. एका थकलेल्या मुलीला स्वतःच्या आठवणीवर शंका घ्यायला लावण्याचे.

सत्र संपले. सातांपैकी तीन गेले. वर्ष वाचवण्याची तिची विनंती विद्यापीठाच्या समितीने दोन मिनिटांत फेटाळली: विद्यार्थिनीला समज दिली होती, पुरावा जोडला आहे. पुरावा मी. पहिले वर्ष पुन्हा, आणि यापुढे जादा विषय नाहीत, उन्हाळी सत्रही नाही.

त्या दिवशी ताई एकटीच आली, अर्ध्या दिवसाची रजा काढून. आवाज चढला नव्हता.

‘हिच्याशी बोललं कोण?’

‘ताई, शिक्का आहे त्यावर.’

‘शिक्का दिसतोय मला. माणूस कोण ते विचारतेय.’

काका सरांच्या बंद दाराकडे बघत राहिले. मग प्रशस्तिपत्राकडे. मग माझ्याकडे, आणि मला उचलून खणात ठेवले. आतून मी ताईची पावले जिन्यावरून उतरताना ऐकली. सावकाश, एकेक पायरी.

आता माझी अक्षरे गाळाने बुजली आहेत. मला घासून ठेवा, असे मी म्हणणार नाही. स्वच्छ ठसा उलट जास्त खरा वाटतो. एवढेच सांगतो: कुणी तुमच्या कागदावर तयार शिक्का देऊ केला, तर आनंद होण्याआधी तो वाचा. त्यात जे झाले म्हणून लिहिले आहे, ते खरोखर होईपर्यंत खिडकी सोडू नका. मागची रांग ओरडू द्या. रांगेला तुमची वर्षे भरून द्यायची नसतात.

उद्या नोंदणी आहे. आज सकाळी खण उघडला. काकांनी पुढ्यात दोनशे कोरे अर्ज घेतले आहेत आणि पॅडवर ताजी शाई ओतली आहे.

मागची बाकी तेवढी मांडून ठेवतो. काकांचा डबा वेळेवर उघडला. सरांनी एकाही मुलाचे तोंड न पाहता शंभर जणांना सल्ला दिला. मुलीच्या तीन वर्षांची पाच झाली. भरली मात्र ती ताईने, इस्त्रीच्या टेबलाशी उभी राहून. तिने तर एकही विषय घेतला नव्हता.