सव्वातीनची कडी

दुपारी सव्वातीन वाजता दाराची कडी बाहेरून वाजली. दोनदा, मग थांबून एकदा. धाकटीने हातातला कप ठेवून दार उघडलं. बाहेर कोणी नव्हतं. अंगण, गवताचा उतार आणि त्याखाली तळं. लपायला एक झुडूपही नाही.

"वारा असेल," ती म्हणाली.

आईने मान वर केली नाही. हातातलं सफरचंद मात्र अर्धंच सोललेलं राहिलं.

मायलेकी आदल्या संध्याकाळी आल्या होत्या. बाबा गेल्यापासून आईने घराबाहेर पाऊल टाकलं नव्हतं. चार दिवस तिला मोकळी हवा मिळावी म्हणून धाकटीने हे घर शोधलं. मातीच्या भिंती, छपरावर गवत, उन्हावर तापणारं पाणी. मालकीणबाई किल्ली घेऊन सायकलवरून आल्या आणि अभिमानाने सांगू लागल्या, "या घरात नवीन काही नाही बरं का. तुळया गिरणीच्या, फरशी शाळेची, दारं-खिडक्या पाडलेल्या घरांच्या."

"मग नवीन काय?" धाकटीने विचारलं.

"भाडं," मालकीणबाई म्हणाल्या आणि स्वतःच हसल्या.

त्यांनी दार ढकललं. ते हललं नाही. "याची एक खोड आहे, दाखवते," असं त्या म्हणेपर्यंत आई पुढे झाली होती. तिने चपलेचं टोक दाराखाली घातलं, दार जरासं उचललं आणि कमरेने धक्का दिला. दार मुकाट्याने उघडलं.

"काकू, तुम्हाला कसं जमलं? लोकांना शिकवून शिकवून माझी कंबर गेली!"

"जुनी दारं सगळी अशीच," एवढंच आई बोलली होती.

आता कडी वाजल्यावर आई उठली, दारापाशी खाली बसली आणि खालच्या कोपऱ्यात ठोकलेला पत्रा बोटांनी चाचपू लागली. "हा तुझ्या बाबांनी मारलाय. खिळा वाकडा गेला म्हणून केवढे चिडले होते."

"आई, पत्रा काय कुणीही मारतं."

"आणि कडी? दोनदा, मग एकदा. अशी कोण वाजवायचं?"

धाकटीला उत्तर माहीत होतं, पण ऐकून. तिचा थोरला भाऊ घरातून गेला तेव्हा ती चार वर्षांची होती. बापलेकांचं कशावरून तरी वाजलं. बाबांनी त्याला घराबाहेर काढलं, आतून अडसर घातला आणि बजावलं, कुणी दार उघडायचं नाही. सव्वातीनला थोरल्याने कडी वाजवली. आई आत भिंतीला टेकून बसून राहिली. कडी वाजायची थांबली तेव्हा तिने अडसर काढला. गल्ली रिकामी होती. तो पुन्हा कुणाला दिसला नाही. पुढे ते घर पाडलं, लाकूडफाटा ठेकेदाराने नेला, आणि बाबांसमोर थोरल्याचा विषयही निघेनासा झाला.

धाकटीला दारापेक्षा आईची भीती वाटली. इतक्या वर्षांनी ही पुन्हा आस लावून बसली, तर हिला इथून उठवणार कोण? तिने कडीला रुमाल करकचून बांधला आणि आईला तळ्याकाठी फिरायला नेलं. लव्हाळी होती, बदकं होती, पलीकडे दगडाची बंद पडलेली खाण होती. आई सगळ्यांकडे पाठ करून घराकडे बघत राहिली.

दुसऱ्या दिवशी धाकटी सव्वातीनला दारालाच टेकून उभी होती. कडी वाजली. तिने त्याच क्षणी दार ओढलं. रुमाल पायरीवर होता, चौघडी घालून ठेवलेला.

"आता म्हण वारा," आई म्हणाली.

तिसऱ्या दिवशी दार कुठून आणलं त्याचा पत्ता मालकीणबाईंकडून घेऊन धाकटी टेकडीपलीकडच्या जुन्या लाकडाच्या वखारीत गेली. एकटीच. आई म्हणाली, "कडी वाजेल तेव्हा घरात कुणी नको का?"

"ते दार होय!" वखारवाल्याला लगेच आठवलं. "ते पाडकामातलं नाही, ताई. एक माणूस टेम्पोत घालून घेऊन आला. ठेकेदाराकडून घेतलेलं, बरीच वर्षं सांभाळलं म्हणाला. फुकट देऊन गेला. वर मलाच दम, कडी काढायची नाही म्हणून."

"दिसायला कसा होता?"

"चारचौघांसारखा. हां, एक आठवतं. दार चौकटीसकट उभं केलं होतं, मला काही उघडेना. लाथच घालणार होतो. तर तो हसला आणि..." वखारवाल्याने शेजारच्या दाराखाली बुटाचं टोक घातलं, दार जरासं उचललं आणि कमरेने धक्का दिला. "हे असं."

धाकटी तिथल्याच ओंडक्यावर बसली.

"कधीची गोष्ट ही?"

"झाली दोनेक वर्षं. खोकत होता फार, उभं राहवत नव्हतं. दार कुठे लागलं ते विचारायला पुन्हा येतो म्हणाला. आला नाही."

परत येऊन तिने आईला अर्धंच सांगितलं: दोन वर्षांपूर्वी थोरला होता आणि दार त्यानेच जपलं. खोकल्याचं गाळलं.

"म्हणजे येईल," आई म्हणाली.

निघायच्या दिवशी गाडी दारात आली, तरी आई खुर्चीतून उठली नाही. "तू हो पुढे. मला कुठलं ऑफिस गाठायचंय?" धाकटीने समजावलं, चिडली, शेवटी रडली. मालकीणबाईंनी रोज चक्कर मारायचं कबूल केलं तेव्हा कुठे तिचा पाय निघाला. त्यानंतर आई रोज दुपारी फोन करून सांगायची, वाजली, उघडलं, कोणी नव्हतं.

आज फोन चारला आला. "आज कडी वाजली नाही." आईचा आवाज निवांत होता.

सुटलो एकदाचे, असं धाकटीला वाटलं. "बरं झालं. उद्या घ्यायला येते. सामान भरून ठेव."

"अगं वेडे, घरात आलेला माणूस कडी कशाला वाजवेल?"

आईच्या मागे कुणीतरी खोकलं. बराच वेळ. मग फोन बंद झाला.

धाकटीने तीनदा लावून पाहिला. आई उचलत नाही. मालकीणबाई सायकल काढून तिकडे निघाल्या आहेत. त्यांचा फोन अजून आलेला नाही.