शून्य मिलिमीटर

विद्यापीठामागच्या उतारावर त्यानं एकशेवीस खिळे ठोकले, तेव्हापासून वर्गात त्याचं नाव खिळेदादा पडलं. त्याचा विषय होता नैसर्गिक संसाधन संवर्धन. आईला तो समजावून सांगायला त्याला अर्धा तास लागला होता. सगळं ऐकून घेऊन आई शेजारणीला म्हणाली, "मातीत खिळे मारतो. पण विद्यापीठात."

आईचं फारसं चुकलं नव्हतं. खिळा हातभर लांबीचा. तो जमिनीत रोवायचा, डोकं पाच सेंटिमीटर वर ठेवायचं आणि जमिनीलगत खिळ्यावर लाल रंगाची रेघ ओढायची. पावसानं माती वाहून गेली की रेघ उघडी पडते. ती मातीच्या किती वर आली, ते दर सोमवारी पट्टी लावून मोजायचं. साठ खिळे उघड्या जमिनीवर होते आणि साठ सरांच्या गवतात.

सरांनी हे गवत अकरा वर्षं जोपासलं होतं. सरांना मुलगाही होता, पण ते बोलायचे गवताबद्दल. ते माती धरून ठेवतं हा त्यांचा दावा होता आणि तो सिद्ध करायचं काम खिळेदादाकडे होतं. उताराच्या पायथ्याशी रखवालदारांच्या सहा खोल्या होत्या. त्यांच्या मागं दगडी भिंत बांधायचं ठरत होतं. गवतानं माती धरली, तर भिंतीची गरज नाही, असं सरांनी विद्यापीठाच्या बांधकाम समितीला कळवून टाकलं होतं.

पावसाचे नऊ आठवडे झाले. उघड्या जमिनीवरची माती बारा मिलिमीटर गेली. गवतातली गेली शून्य. एका आठवड्यात शून्य, दुसऱ्यात शून्य, नवव्यातही शून्य. इतकं स्थिर तर विद्यापीठाचं वेळापत्रकही नव्हतं. खिळेदादाला मनातून जरा विचित्र वाटलं, पण सरांनी आकडे पाहून चष्मा काढला, पुसला, परत घातला आणि म्हणाले, "मला माहीत होतं." सरांचे डोळे भरून आलेले पाहिल्यावर शंका काढायची त्याची हिंमत झाली नाही.

बुधवारी समिती बसणार होती. रविवारी सकाळी तो फोटो काढायला उतारावर गेला, तर गवतात रखवालदार मामा उकिडवे बसून हातोडीनं खिळा ठोकत होते.

"मामा, काय करताय?"

मामा दचकले, मग चोरी पकडल्यासारखं हसले. "सापडलो का! तुला कळू द्यायचं नव्हतं. म्हटलं, पोरगा अभ्यास करतोय, कशाला त्रास द्या."

"पण काय करताय?"

"अरे, तुझे खिळे वर येतात. गवतात दिसत नाहीत, माणूस ठेचकाळतो. आमची ही दोनदा पडली. मग मी दर रविवारी बसवून घेतो. उगाच नाही हं, तुझी लाल रेघ मातीला टेकेपर्यंतच. एक केस इकडं नाही की तिकडं."

"आणि तिकडचे? उघड्यावरचे?"

"ते दिसतात की. तिथं कोण पडतंय?"

खिळे वर येत नाहीत, माती खाली जाते, हे एवढं एक वाक्य त्याला बोलायचं होतं. या वाक्यावर त्यानं दोन वर्षं अभ्यास केला होता. पण मामांच्या कपाळावर घाम होता, दहा रविवारांचा, आणि बुधवारी समिती होती.

"थँक्यू मामा," तो म्हणाला.

"त्यात काय! घे, तूही मार दोन." मामांनी हातोडी पुढं केली.

आता अशा वेळी शहाणा माणूस काय करील? निदान हातोडी तरी घेणार नाही. यानं घेतली. आपल्याच प्रयोगाचे तीन खिळे यानं आपल्या हातानं ठोकले, आणि तेही नीट, रेघेला रेघ.

"हात बसला तुझा," मामा म्हणाले. "बरं, ती भिंत कधी होणार रे? मागच्या आठवड्यात न्हाणीत चिखल आला. आमची खोली शेवटची, उताराला चिकटलेली, सगळ्यात आधी आमच्याकडंच येतो."

"बघू," तो म्हणाला. सोमवारी त्यानं वहीत दहावं शून्य लिहिलं. अक्षर चांगलं आलं.

बुधवारी समितीच्या खोलीत सर नवा शर्ट घालून आले होते. अध्यक्ष होते, इंजिनिअर बाई होत्या आणि बिस्किटं होती. दाराशी मामा उभे होते. प्रोजेक्टरची वायर सारखी निघायची, ती धरून ठेवायचं काम त्यांच्याकडं होतं. खिळेदादानं आकडे वाचले. इंजिनिअर बाई ऐकता ऐकता थांबल्या.

"शून्य? गवतातली माती फुगते, बसते, गांडुळं उकरतात. एखादा मिलिमीटर तरी इकडंतिकडं?"

"हीच तर गवताची कमाल," सर म्हणाले.

"मग भिंतीचा विषय संपला," अध्यक्ष म्हणाले आणि त्यांनी पेनचं टोपण काढलं.

ते टोपण निघालं आणि खिळेदादाचं तोंड उघडलं. त्याच्या डोळ्यांपुढं ती न्हाणी आली. "सर, एक मिनिट. या फोटोत... खिळ्यांची डोकी चकचकीत दिसतायत. कुणीतरी ठोकलेले असावेत."

"हे तुझ्या कधी लक्षात आलं?" अध्यक्षांनी विचारलं.

"आत्ताच," तो म्हणाला. "फोटो बघताना."

"कोणी ठोकले?"

त्यानं दाराकडं पाहिलं. नुसतं पाहिलं. सगळ्या खोलीनं त्याच्या नजरेमागं माना वळवल्या, आणि वायर धरलेले मामा पुढं झाले, तशी वायर निघाली आणि पडदा काळा झाला.

"मीच ठोकले साहेब."

सर खाली बसले. नवा शर्ट एकदम मोठा दिसायला लागला.

"या मुलाला ठाऊक होतं?" बाईंनी विचारलं.

मामांनी खिळेदादाकडं पाहिलं. रागानं पाहिलं असतं तर बरं झालं असतं. ते अंदाज घेत होते, याला काय सोयीचं पडेल याचा. "नाही बाई. तो सोमवारी येतो. त्याला काय ठाऊक?"

खिळेदादा टेबलावरच्या बिस्किटांकडं बघत राहिला. सोळा होती.

भिंत मंजूर झाली. प्रयोग पुढच्या पावसाळ्यात नव्यानं करायचा ठरला. आणि मामांना नोटीस निघाली: संशोधनात ढवळाढवळ केल्याबद्दल दोन दिवसांत लेखी खुलासा द्या, नाहीतर कामावरून कमी करू.

गुरुवारी दुपारी मामांनी त्याला खोलीवर बोलावलं. तो शिव्या खायच्या तयारीनं गेला. वाटेत त्यानं स्वतःच स्वतःला चारदोन देऊन सराव केला होता. मामांनी त्याच्यापुढं कागद-पेन ठेवलं.

"खुलासा लिहून दे. तुझं अक्षर चांगलं आहे."

त्याला वाटलं जमीन दुभंगावी. पण इथली जमीन किती हलते हे सांगता येत नव्हतं, ते मोजायचं काम त्याचंच होतं. मामा सांगत गेले, तो लिहीत गेला. मी माझ्या मनानं केलं. वाईट हेतू नव्हता. लोक पडत होते.

"आता लिही, सदर विद्यार्थ्यास याची काहीही कल्पना नव्हती."

पेन थांबलं. मग त्यानं लिहिलं: विद्यार्थ्याला रविवारपासून माहीत होतं. त्यानं स्वतः तीन खिळे ठोकले. तो समितीत खोटं बोलला.

मामांनी चष्मा लावून वाचलं. "हे काय? खोड आधी!"

"राहू द्या मामा. खरं आहे."

"खरं असेल. पण खाली सही माझी आहे ना! माझ्या खुलाशात तू कबुली देतोस? ऑफिसातला क्लार्क मला येड्यात काढेल."

चूल आवरता आवरता मामी हे ऐकत होती. समितीपासून ती त्याच्याशी एक अक्षर बोलली नव्हती. तिनं कोरा कागद आणून त्याच्यासमोर ठेवला.

"वेगळा लिही. तुझ्या नावानं."

"खोलीवर जाऊन लिहितो मामी. उद्या सकाळी स्वतः सरांना नेऊन देतो."

मामीनं त्याच्याकडं नीट पाहिलं, वरपासून खालपर्यंत. मग ती दाराशी गेली आणि तिनं आतून कडी घातली.

"अगं, मला ड्युटीवर जायचंय," मामा म्हणाले.

"जाल," मामी म्हणाली. "आधी याचं होऊ दे."