चार चौकटींत पडलेला माणूस

सडक अर्जुनीच्या एका वाचनालयाची मागची खोली खुशबू टेंभरेला रविवारी सकाळी दोन तास मिळायची. आठवडाभर ती कॉम्प्युटर सेंटरमध्ये शिकवायची. उरलेल्या वेळात जुन्या व्हिडिओ गेममधली ठिपक्याठिपक्यांची पात्रं कापून, त्यांना नवे कपडे चढवून त्यांच्यापासून कॉमिक्स बनवायची. त्या बारक्या चित्रांना स्प्राइट म्हणतात. चित्रकलेत हात चालत नसला तरी स्प्राइटवर गोष्ट उभी करता येते, असं ती म्हणायची. मोबाइलवर तिची कॉमिक्स वाचणाऱ्या काही पोरापोरींनी शिकवा म्हटलं, म्हणून हा वर्ग सुरू झाला होता.

नव्यांना ती पहिल्याच दिवशी बजावून सांगायची. ज्याने स्प्राइट कापून ठेवले त्याचं नाव खाली लिहा. चित्र मोठं करायचं तर दुप्पट करा, तिप्पट करा. दीडपट केलं की ठिपके विस्कटतात. एका गेमचा माणूस दुसऱ्या गेमच्या झाडाखाली उभा केला तर उंची जुळते का बघा. फुग्यात तीन ओळींपेक्षा जास्त बोलणं नको. आणि गेममधलीच गोष्ट पुन्हा सांगू नका, आपल्या गावची सांगा.

वर्गात पाच जण होते. त्यात फुलवंता नावाची एकोणीस वर्षांची मुलगी होती, जंगलाकडच्या एका खेड्यातून कॉलेजला येणारी. बाकीच्यांना गेमची भारी हौस. फुलवंताने आयुष्यात एकही गेम खेळलेला नव्हता. पहिले तीन रविवार ती फक्त ऐकत राहिली. खुशबूला वाटलं, ही पोरगी चौथ्या रविवारी येणार नाही. पण ती आली, आणि इतर निघून गेल्यावर तिने आपलं कॉमिक उघडून दाखवलं.

नऊ चौकटी होत्या. पहिलीत कापणीला आलेला धान आणि कडेने ताणलेली तार. दुसरीत रानडुक्कर तारेच्या जवळ येऊन परत फिरतं. तिसरीत पहाटेच्या निळसर उजेडात बांधावरून एक माणूस चालत येतो, खांद्याला पिशवी. चौथीत तो पडतो. पाचवी, सहावी, सातवी चौकट तशीच, माणूस तसाच पडलेला. फक्त मागचं आभाळ हळूहळू उजळत गेलेलं.

खुशबूने मास्तरकीच्या सवयीने सांगितलं की एकच स्प्राइट चार चौकटींत वापरू नये, वाचणारा कंटाळतो. ज्या गेममधून हा माणूस घेतला त्यात पडल्यानंतर उठण्याची तीन चित्रं आहेत, ती घे.

फुलवंता पडद्याकडे बघत म्हणाली, "तो उठलाच नाही ना, ताई."

खुशबूने पुढच्या दोन चौकटी पाहिल्या. आठवीत दोन माणसं त्याला उचलून नाल्याकडे नेत होती. नववीत त्यातला एक जण पडलेल्या माणसाच्या पिशवीत, तांब्याच्या तारेच्या वेटोळ्याखाली, दारूची बाटली खुपसत होता.

खुशबूने ती चौकट मोठी करून पुन्हा पाहिली.

तिचे वडील उदाराम गावोगाव फिरून शेतातल्या मोटारपंपांचं वाइंडिंग करायचे, जळालेल्या मोटारीत तांब्याची तार नव्याने गुंडाळून द्यायचे. तीन वर्षांपूर्वी, धान कापणीच्या दिवसांत, एका गावी मुक्काम करून ते पहाटे निघाले आणि घरी आलेच नाहीत. तीन दिवसांनी नाल्यात सापडले. इतके दिवस पाण्यात राहिलेल्या देहावर दुसरं काही ओळखू येण्यासारखं उरलं नव्हतं. पिऊन पाण्यात पडला, असं ठरलं. बाटली पिशवीतच होती, तांब्याच्या तारेखाली. पंचनाम्यात ते आलं होतं, पण बाटली नेमकी कुठे सापडली हे खुशबूने आणि तिच्या आईने लाजेपोटी कुणालाच सांगितलं नव्हतं. ज्या माणसाने कधी थेंब घेतला नाही, तो आपल्यापासून लपवून पीत होता, हेच त्या दोघी तीन वर्षं गिळत आल्या होत्या.

तिने विचारलं, "हे तुले कोणं सांगितलं?"

"कोणीच नाही. मी पाह्यलं." फुलवंताचा आवाज अगदी सपाट होता. "डुकरासाठी तारेले करंट माह्या बापानं लावला होता. मी तार काढाले गेली पहाटे, त तुमचे बाबूजी पडले होते. बाप रडत होता. काकानं मग बापाले घेऊन त्याईले नाल्यात नेलं. बाटली काकाची."

मग तिने हेही सांगितलं की ती गेम शिकायला आलीच नव्हती. वर्गाच्या जाहिरातीत टेंभरे हे आडनाव वाचून आली होती. तोंडाने सांगायचं तीनही रविवारी ठरवलं, तीनही वेळा न सांगताच परतीच्या बसमध्ये बसली. चौकटीत मांडणं जमलं, कारण त्यात आपल्याला बोलावं लागत नाही.

खुशबू खुर्चीवरून उठली आणि पुन्हा बसली. आपण काय बोलतो आहोत हे तिला कळत नव्हतं. नंतर तिला आठवलं, की तिने विचारलं होतं, पिशवीचा रंग निळा कसा केलास, ती तर खाकी होती. फुलवंता म्हणाली, तिला ती निळीच दिसली होती. अंधुक होतं.

"तीन वर्सं," खुशबू शेवटी म्हणाली. "सांगितलं काऊन नाही?"

 बाप आहे, एवढंच फुलवंता म्हणाली.

घरी आई शकुंतलाबाई तांदूळ पाखडत बसली होती. खुशबूने मोबाइल तिच्यापुढे धरला आणि एकेक चौकट बोट ठेवून वाचून दाखवली. आईला स्प्राइट कळत नव्हते, ठिपक्यांचा माणूस कळत नव्हता. बाटलीपाशी आल्यावर मात्र तिच्या हातातलं सूप थांबलं. तिने तीच चौकट पुन्हा दाखवायला लावली, मग आणखी एकदा. ती रडेल असं खुशबूला वाटलं होतं. ती उठली, चुलीवरचा भात उतरवून ठेवला, आणि भिंतीला टेकून उभी राहिली.

"मी त्याईच्या तेरवीले कोणाले बोलावलं नाही," ती म्हणाली. "बेवड्याची तेरवी कायले करता, असं लोक म्हणतील म्हणून."

दुसऱ्या दिवशी तिघी पोलीस ठाण्यात गेल्या. फुलवंताने जबाब दिला, त्याला जवळजवळ दुपार झाली. संध्याकाळी तिच्या बापाला, मनिरामला, आणलं तेव्हा त्याने एका प्रश्नातच सगळं कबूल केलं. कुणी विचारायचीच तो जणू वाट बघत होता. काका केवलराम आजही नाही म्हणतो. खटला चालू आहे.

फुलवंताची आई तिच्याशी बोलत नाही. ती आता मावशीकडे राहून कॉलेज करते. शकुंतलाबाई एक दिवस ठेवणीतली साडी नेसून दिराच्या घरी गेली, जिथे तीन वर्षं तिला कुणी सणाला बोलावलं नव्हतं. दारातच उभी राहून म्हणाली, "ते पीत नव्हते." पाणीही न घेता परत आली.

खुशबूने दोन महिने वर्ग बंद ठेवला. फुलवंताचे आभार मानावेत असं तिला कितीदा वाटलं, पण ते तिच्या तोंडून निघालं नाही. ही पोरगी खुशबूच्या बापाला जमिनीवर पडलेलं बघून घरी जाऊन जेवली असेल, शाळेत गेली असेल, हेच डोक्यात यायचं. आणि ही आली नसती तर मरेपर्यंत आपण त्याला बेवडाच समजलो असतो, हेही यायचं.

खटल्याच्या पहिल्या तारखेला दोघी गोंदियाच्या कोर्टातून एकाच बसने परतल्या. गर्दी नव्हती. फुलवंता पुढच्या बाकावर खिडकीशी बसली. खुशबू मागच्या बाकावर बसली आणि कोहमाऱ्यापर्यंत तिच्या वेणीकडे बघत राहिली.  तिथे फुलवंता उतरायला उठली तेव्हा तिची ओढणी बाकाच्या पत्र्यात अडकली. खुशबूने हात लांब करून ती सोडवून दिली.