देशात पहिला आलेला पर्जन्यमापक

मित्रांनो, तुमच्यापैकी कुणी वर्गात पहिले आले की घरी पेढे येतात, शेजारी पाठ थोपटतात. मीही एकदा पहिला आलो होतो. वर्गात नव्हे, सबंध देशात. माझ्या गळ्यात झेंडूचा हार पडला, लोकांनी माझ्या शेजारी उभे राहून फोटो काढले. तो हार आठवला की आजही माझ्या पत्र्याचा संताप होतो. मी पाऊस मोजणारे एक जुने भांडे आहे. पुस्तकात मला पर्जन्यमापक म्हणतात. माझी गोष्ट गोड नाही, पण ती तुम्ही ऐकावी असे मला वाटते.

माझा जन्म चेन्नईच्या जॉर्ज टाउनमधल्या एका पत्रेकामाच्या दुकानात झाला. जस्ताच्या पत्र्याचे गोल अंग, आत पाणी साठवणारी बाटली, वर नरसाळे आणि नरसाळ्याच्या तोंडाला पितळेची कड. कारागिराने ती कड घासण्यात जेवढा जीव ओतला तेवढा बाकीच्या अंगात ओतला नाही. कड वाकडी झाली तर कुठला थेंब आत आणि कुठला बाहेर, याचा निवाडा होत नाही.

मला विकत घेतले पद्मनाभरावांनी. ते शाळेत भूगोल शिकवत. त्यांचे घराणे तंजावरकडचे, पिढ्यान् पिढ्या तमिळ मुलखात मुरलेले. घरात मराठी बोलत, तीही जुन्या वळणाची, आणि मध्येच तमिळ शब्द सहज येऊन बसत. पेरुंगुडीला त्यांचे बैठे घर होते. घराच्या एका अंगाने दगडी कालवा वाहत असे. त्यातून पावसाचे पाणी मागच्या तळ्यात जाई, आणि तळे भरले की पुढे दलदलीत. पद्मनाभरावांनी मला अंगणाच्या मधोमध, झाडापासून आणि भिंतीपासून लांब बसवले. त्यांची धाकटी लेक विद्यालक्ष्मी शेजारी उभी होती.

"यास आभाळ मोकळं पाहिजे, कण्णा," ते तिला लाडाने म्हणाले. "झाडाचं पाणी नको, छपराचं नको. आभाळातनं थेट पडतं, तेवढंच मोजायचं."

रोज सकाळी अंघोळ झाली की ते बाटलीतले पाणी मापाच्या काचनळीत ओतत आणि आकडा फोनवरून कळवत. देशभरातल्या हौशी माणसांची एक मंडळी होती. कुठे सर्वांत जास्त पाऊस, कुठे सर्वांत कडक ऊन, कुठली पहाट सर्वांत गार, याचे विक्रम ही मंडळी नोंदवून ठेवी. घाटमाथ्यावरची, मेघालयातली गावे नेहमी वर असत. पद्मनाभरावांना वाटे, एकदा तरी आपले पेरुंगुडी पहिले यावे. हे ते लहान मुलासारखे हट्टाने म्हणत, आणि मलाही मनातून तसेच वाटे.

एका वर्षी बंगालच्या उपसागरातून वादळ आले आणि आभाळ फाटले. माझी बाटली भरून पाणी बाहेरच्या भांड्यात उतरले. कालवा कडेपर्यंत भरून वाहिला, तळे फुगले, मुलांनी कागदी होड्या सोडल्या. संध्याकाळी रस्त्यावर चपलेचा तळवा भिजावा इतकेच पाणी उरले. कुणाच्या घरात पाणी शिरले नाही. आम्ही देशात दुसरे आलो. पद्मनाभराव त्या दिवशी रुसून जेवले नाहीत. विद्यालक्ष्मीने त्यांना दहीभात कालवून भरवला, तेव्हा कुठे हसले.

मग शहर आमच्या दिशेने चालत आले. जुन्या महाबलीपुरम रस्त्यावर काचेच्या कचेऱ्या उभ्या राहिल्या. कचेऱ्यांत काम करणाऱ्यांना घरे हवी होती. तळ्यात आधी राडारोडा पडला, मग माती पडली, मग एक पाटी लागली आणि पाटीमागे इमारत. पद्मनाभराव तेवढ्यात वारले. बैठे घर पाडून तिथेही इमारत झाली. एका महाविद्यालयात ग्रंथपाल असलेल्या विद्यालक्ष्मीला वरच्या मजल्यावर घर मिळाले आणि मला मिळाली गच्ची.

कालवा मात्र आवारातच होता. इमारतीचा सेक्रेटरी मुरली, विद्यालक्ष्मीच्या नात्यातलाच. त्याने कालव्यावर काँक्रीट घालून गाड्या उभ्या करायची जागा काढायचे ठरवले.

"मुरली, पाणी कोठून जाईल?" तिने बैठकीत विचारले.

"पाणी कोठे आहे अक्का? वर्षभर कोरडाच असतो. मच्छर तेवढे होतात. गाड्यांस जागा होईल, सगळ्यांस हवी आहे."

सगळ्यांनी हात वर केले. तिचा एकटीचा खाली राहिला. कालवा झाकला गेला. त्याचे तोंडही बुजवले, कारण तिथे एक मोठी गाडी वळायची होती.

मी गच्चीवर गंजत होतो. पण विद्यालक्ष्मीने माझे काम सोडले नाही. कामाक्षी नावाची मुलगी रोज गच्चीवर येई. तिची आई विमला तळमजल्यावर, गाड्यांच्या मागे असलेल्या एका बुटक्या खोलीत कपड्यांना इस्त्री करी आणि तिथेच राही. खोली रस्त्यापेक्षा खोल होती, दोन पायऱ्या उतरून जावे लागे. कोळशाच्या इस्त्रीवर हात फिरवता फिरवता विमला गुणगुणे, ते शांत दुपारी वरपर्यंत ऐकू येई. कामाक्षी कपडे वाळत घालताना माझ्या नरसाळ्यातली कबुतराची पिसे काढून टाकी. तेवढ्या आधारावर माझे दिवस चालले होते.

मग गेल्या हिवाळी पावसाच्या तोंडावर, गच्चीवर सौर विजेच्या रुंद पट्ट्या बसवायचे ठरले. विद्यालक्ष्मी तेव्हा मावशीच्या तेराव्यासाठी तंजावरला गेली होती. मी वाटेत येत होतो. मुरलीने कामगारांना मला हलवायला सांगितले. "कोपऱ्यात ठेवा कोठेतरी," तो म्हणाला आणि फोनवर बोलत खाली गेला. त्यांनी मला उचलून एका तिरप्या पट्टीच्या खालच्या कडेशी टेकवले. मित्रांनो, मला तोंड आहे, पण बोलता येत नाही. नाहीतर मी त्या क्षणी ओरडलो असतो.

दोन दिवसांनी वादळ आले. पट्टीवर पडलेले सगळे पाणी घसरत खाली येई आणि धार लागून थेट माझ्या घशात उतरे. माझे घोट माझे नव्हते. एखाद्याच्या तोंडात दुसऱ्याचे शब्द कोंबावेत, तसे मला वाटत होते. दुपारी खालून कुणीतरी पत्र्याच्या दारावर धडाधडा हात मारल्याचा आवाज आला. बऱ्याच वेळाने तो थांबला. मला वाटले, दार उघडले.

ते उघडले नव्हते.

दुसऱ्या दिवशी सकाळी मुरली वर आला. डोळे सुजलेले, शर्ट चिखलाने माखलेला. त्याने विद्यालक्ष्मीची काचनळी आणली होती. तो पाणी ओतून मोजत राहिला, पुन्हा ओतत राहिला, आणि प्रत्येक खेपेला त्याच्या चेहऱ्यावरची भीती थोडी ओसरत गेली. शेवटच्या आकड्याने त्याचा जीव भांड्यात पडला. कोणत्या भांड्यात, ते मी तुम्हाला सांगायला नको.

त्याने आकडा मंडळीला कळवला. पडताळणी व्हायला वेळ लागतो, पण बातमीला धीर कुठला? संध्याकाळपर्यंत सगळ्या फोनवर तेच होते: देशातला सर्वाधिक पाऊस, पेरुंगुडी. कॅमेरा घेऊन माणसे गच्चीवर आली. कुणीतरी हार आणला. मुरलीने तो माझ्या गळ्यात घातला आणि कॅमेऱ्याकडे पाहून तमिळमध्ये म्हणाला, "देशाचं रेकॉर्ड आहे. असा पाऊस आजवर कुणी पाहिला नाही. निसर्गापुढे माणूस काय करणार? आमच्या इथली एक बाई गेली, फार वाईट झालं."

एक बाई. तिचे नावही त्याने घेतले नाही. त्याच्या अंगातल्या शर्टाला तिनेच इस्त्री केली होती.

कपडे पोचवायला गेलेली कामाक्षी त्या दुपारी पाण्यामुळे बाहेरच अडकली होती. आता ती जिन्याच्या दारात उभी होती. कपाळावर टिकली नाही, केस मोकळे. ती माझ्याकडे पाहत होती. पिसे काढणारे तिचे हात लटकत होते.

रेल्वे सुरू झाल्यावर विद्यालक्ष्मी परतली. पिशवी खांद्यावर तशीच ठेवून ती सरळ गच्चीवर आली, कारण स्टेशनवरच कुणीतरी तिचे अभिनंदन केले होते. तिने हार पाहिला. मग मान वर करून पट्टीची कड पाहिली. कडेवरून अजून थेंब ठिबकत होता आणि बरोबर माझ्यात पडत होता.

तिच्या मागोमाग अर्चना वर आली. ही दुसऱ्या मजल्यावर राहणारी, कोल्हापूरची, सिरुसेरीच्या एका कंपनीत नोकरीला. पुराच्या दिवशी ती घरूनच काम करत होती.

"मी खाली गेले होते हो अक्का," ती म्हणाली. "पाणी छातीला लागत होतं. विमलामावशी आतून दार ढकलत होत्या, मी बाहेरून ओढत होते. दार बाहेर उघडतं ना, पाण्यानं दाबून धरलं होतं. वॉचमन आला, आणखी दोघं आले. तोवर... रस्त्यावरचं पाणी कमरेखाली होतं. आपल्याच आवारात एवढं कसं साठलं?"

कामाक्षी जिन्यातून पुढे आली होती. ती तमिळमध्ये बोलली, मी माझ्या भाषेत सांगतो.

"अक्का, सगळे म्हणतात पाऊसच तसा होता. तुम्ही खरं सांगा. माझी आई मरावी असा पाऊस होता का?"

विद्यालक्ष्मीने माझ्या गळ्यातला हार काढला. वडिलांचा हट्ट तिला आठवला असेल. मलाही आठवला. पहिले येणे आमच्या हातात आयते आले होते.

"नाही," ती म्हणाली. "तसा नव्हता. पाऊस मोठा होता. पण तुझ्या आईस पावसानं मारलं नाही."

त्याच दुपारी ती मुरलीला गच्चीवर घेऊन आली.

"यास येथे कोणी ठेवलं?"

"कामगारांनी. मज काय ठाऊक, अक्का, एवढ्यानं फरक पडतो?"

"आता ठाऊक झालं ना? मी मंडळीस सांगणार. हा आकडा खोटा आहे."

मुरलीने आजूबाजूला पाहिले. "थोडं ऐका. आकडा खोटा म्हटलात तर पोलिस कालव्याचं विचारतील. मज एकट्यास धरतील. सगळ्यांनी हात वर केले होते. आणि तुमच्या अप्पांचं नाव होतंय, देशभर. त्यांस हेच तर हवं होतं."

"अप्पांचं नाव तोंडात घेऊ नकोस," ती म्हणाली. आवाज चढला नव्हता, पण तसा आवाज मी इतक्या वर्षांत ऐकला नव्हता. "ते असते तर तुझ्या पाठीत काठी घातली असती. हार घालतोस? खाली बाई बुडाली, तिचं दार अजून चिखलात पडलंय, आणि तू वर येऊन भांड्यास हार घालतोस?"

मुरली रडू लागला. मला त्याची दया आली नाही. तो दुष्ट नव्हता, हे मला ठाऊक आहे. घाबरलेला होता. पण विमलाही घाबरलेली होती, आणि तिच्यापाशी लपायला आकडा नव्हता.

विद्यालक्ष्मीने मंडळीला कळवले. आजूबाजूच्या पर्जन्यमापकांचे आकडे आधीच जुळत नव्हते. माझा विक्रम खोडला गेला. खरा पाऊस पद्मनाभरावांच्या त्या वादळापेक्षा कमी निघाला, ज्या वादळात मुलांनी होड्या सोडल्या होत्या. मग इमारतीतली माणसे विद्यालक्ष्मीशी बोलेनाशी झाली. लिफ्टमध्ये ती शिरली की कुणी ना कुणी बाहेर पडे. "घरचीच बाई घरावर उलटली," असे तिला ऐकू जाईल अशा आवाजात म्हणत. अर्चना तेवढी रोज संध्याकाळी डबा घेऊन तिच्याकडे जाई आणि दार मुद्दाम उघडे ठेवून जेवे.

चौकशी झाली. मुरलीचे सेक्रेटरीपद गेले, खटला चालू आहे. आवारातले काँक्रीट फोडायचा हुकूम निघाला. यंत्र आले तेव्हा कामाक्षीला बोलावले होते. ती आली, गाड्या हलेपर्यंत उन्हात उभी राहिली. काँक्रीटखालून जुना दगडी कालवा निघाला, जसा होता तसा, एक चिरा न ढळलेला. तो पाहून ती पहिल्यांदा मोठ्याने रडली. तिने इस्त्रीचे काम आता दुसऱ्या गल्लीत घेतले आहे, वरच्या मजल्यावर. या इमारतीचे कपडे ती घेत नाही. फक्त अर्चनाचे आणि विद्यालक्ष्मीचे घेते.

विद्यालक्ष्मीने मला गच्चीच्या मधोमध बसवले, कड चिंचेने घासली, गंज खरवडून रंग दिला. मित्रांनो, माझी गोष्ट इथे संपली असती तर मलाही बरे वाटले असते. पण मी उंचावर आहे आणि मला सगळे दिसते. आमच्या आवारातून सुटलेला कालवा पन्नास पावले जातो आणि शेजारच्या इमारतीच्या कुंपणाला जाऊन आदळतो. त्या भिंतीत पाण्याला एक भोकही ठेवलेले नाही. भिंतीला लागून एक बुटकी खोली आहे. तिच्यात एक रखवालदार राहतो, बायको आणि लहान मुलीसकट. मुलगी पायरीवर बसून अभ्यास करते. तिच्या दाराची कडी मला इथून दिसते. ते दारही बाहेरच उघडते.

विद्यालक्ष्मीने तिथे जाऊन सांगितले. "पाहू," असे उत्तर मिळाले. पावसाळा तोंडावर आला आहे.

मला जपा, माझी कड पुसा, माझ्यावर सावली येऊ देऊ नका, हे मी सांगायला हवे, कारण शाळेच्या निबंधांत बोलणारे आमच्या जातीचे सगळे असेच सांगून निरोप घेतात. मी तसे सांगणार नाही. मी गंजलो तर नवे भांडे मिळेल. तुम्ही आधी खाली जा. ती भिंत फोडा.