जोडपं पाहिजे

पळसदरीला धरणाच्या रस्त्यावर उमाबाईंचा बंगला आहे. शनिवार-रविवार तो पाहुण्यांना भाड्याने जातो. राखायला उमाबाईंना जोडपं लागे. माणसं दोन, खोली एक आणि पगारही एकच. तो राखणदार हर्षदच्या खात्यात जमा व्हायचा. त्याची बायको नंदा पाहुण्यांचा स्वयंपाक करी, चादरी धुई, संडास घाशी. हर्षद फाटक उघडी. उठायचा कंटाळा आला की, "नंदे, बघ गं कोन आलाय," हे होतंच.

उन्हाळ्यात हर्षदला खोपोलीच्या एका कारखान्यात काम लागलं आणि तो तिकडेच मित्राच्या खोलीवर राहू लागला. पंप, बाग, कुत्रा, फाटक, सगळं नंदाच्या अंगावर पडलं. तरी ती खुशीत होती. पगार आता आपल्या नावावर येणार, लग्नाआधी काढलेलं आपलं खातं एकदाचं जागं होणार, असे मनात मांडे खात ती राबली.

महिन्याने उमाबाई आल्या. कर्जतच्या कॉलेजात शिकवून निवृत्त झालेल्या, बोलायला गोड. चहा देता देता नंदाने धीर केला. "बाई, आता समदं मीच बघते. पगार माज्या खात्यात टाकाल?"

"अगं, पगार राखणदारीचा आहे," उमाबाई समजुतीने म्हणाल्या. "तू एकटी बाई राखण काय करणार? घरातला कुणी पुरुष आणून बसव. नाहीतर मला दुसरं जोडपं बघावं लागेल."

मग गेला महिनाभर काय भुतांनी राखण केली? हे नंदाच्या अगदी ओठांवर आलं होतं. पण खोली गेली तर जायचं कुठे? गावातल्या घरात दिराचा संसार. तिने रिकामा कप उचलला आणि स्वतःचाच तिला राग आला.

तिने हर्षदला फोन केला. त्याला कसलीच अडचण दिसेना. "बाबांना आन की! तेवडीच तुला सोबत."

सासरे आले. नामा त्यांचं नाव. सत्तरी उलटलेली, गुडघे धरलेले, कानांनी ठार बहिरे. उमाबाईंनी त्यांना शिट्टी दिली, खुर्ची दिली आणि पगार त्यांच्या नावावर केला. नामांचं एटीएम कार्ड हर्षदच्या खिशात. आयत्या पिठावर रेघोट्या ओढायला तो पहिल्यापासूनच हुशार.

रविवारी फाटकाशी हॉर्नवर हॉर्न वाजले. नामा खुर्चीत घोरत होते. नंदा भाकरीच्या पिठाचे हात तसेच घेऊन धावली आणि तिने फाटक उघडलं. गाडीत उमाबाई होत्या. खुर्चीकडे बघून त्या हसल्या.

"फाटकावर पुरुष माणूस असला की कसं निर्धास्त वाटतं," त्या म्हणाल्या. "आणि नंदा, त्यांना वेळेवर जेवायला देत जा हं. ड्युटीवर असतात ते."

"बरं बाई," नंदा म्हणाली. गाडी आत गेल्यावर तिने फाटक ओढून आतून कुलूप घातलं आणि राखणदाराचं ताट वाढायला गेली.