रिकामा आठवा महिना

आकडेबाईचं डोकं सकाळपासून चालेनासं झालं होतं. कारखान्यात तिला सगळे आकडेबाईच म्हणत. श्वासाच्या यंत्रात बसणारा रबरी पडदा किती महिने टिकेल, हे सांगायचं काम तिचं. घराघरांतून फाटून परत आलेले पडदे आज पहिल्यांदाच तिने टेबलावर महिन्यांप्रमाणे रचले. तिच्या आलेखानुसार आठव्या महिन्याची चळत सगळ्यात उंच हवी होती. आणि तिथे एकही पडदा नाही! चौथ्या महिन्याची चळत हातभर, चौदाव्याची तेवढीच, मधे नुसतं टेबल.

"असं कसं होईल?" तिने पुन्हा मोजलं. तेच.

कॉम्प्युटरने तर तिला एकच टेकडी काढून दिली होती. काढणारच, कारण तिनेच त्याला तसं बजावलं होतं. आकड्यांचा लॉग घेतला की रेघ कमानीसारखी वाकली पाहिजे, मधे खळगा पडता कामा नये. अशा आलेखाला लॉग-अंतर्वक्र म्हणतात. तो आवडायचं कारण साधं: त्यात वस्तू जितकी जुनी तितका धोका जास्त. वेळेत नवी घाला आणि निर्धास्त राहा. मागच्याच आठवड्यात तिने सही ठोकून सूचना काढली होती: दर सहा महिन्यांनी पडदा बदला. तिच्या बाबांच्या यंत्रातल्या पडद्यालाही सहा महिने होत आले होते. नवा पडदा तिने कालच घरी नेऊन ठेवला होता.

ती तडक मुकादमांकडे गेली. "दोन वेगळ्या साच्यांतून निघालेले पडदे तुम्ही एकाच टबात टाकता?"

"आता घ्या! तुम्हीच हो म्हणालात की. टब कमी पडत होते म्हणून मी विचारलं, तर म्हणालात, दोन टेकड्या मिळवल्या तरी एकच टेकडी राहते."

म्हणाली होती खरी. नियमही खोटा नव्हता, हीच तर पंचाईत! एक पडदा फाटल्यावर दुसरा लावला आणि दोन्हींच्या आयुष्यांची बेरीज केली, तर बेरजेचा आलेख एकच टेकडी राहतो. पण टबात बेरीज कुठे होती? तिथे नुसती सरमिसळ. एका साच्याचा माल चार महिने टिकत होता, दुसऱ्याचा चौदा. कुठल्याचा कुठला, हे आता देवालाच ठाऊक. पडद्यांवर खूणच नव्हती.

मग बाबांचा पडदा? तो चौथा महिना ओलांडून बसला होता, म्हणजे चांगल्या साच्यातलाच. आणि नवा? त्याचा काही नेम नाही. जुना भरवशाचा आणि नवा जुगार! तिचा स्वतःचाच विश्वास बसेना. तिने घाईने घरी फोन लावला.

"अगं, सकाळीच बदलला मी," दादा खुशीत म्हणाला. "तुला कशाला त्रास? जुना टाकला कचऱ्यात."

कचरा दुपारी उचलत. ती धावतपळत घरी पोचली आणि दारातला डबा पालथा घातला. पडदा नव्हता. दादा बघतच राहिला. "वेड लागलंय का तुला?"

"डबा खाटेजवळ होता तेव्हाच मी उचलून ठेवलाय," खाटेवरून बाबा म्हणाले. "बटणांच्या डब्यात. चांगला होता गं."

बाबा काही म्हणून टाकू देत नसत. त्यावरून ती आजवर त्यांना शंभरदा बोलली होती. तिने जुना पडदा धुतला, पुसला. "बाबा, जरा दम धरा हं," म्हणत यंत्र बंद केलं. बाबांचे ओठ निळसर व्हायला लागले तेव्हा झाकण बसलं आणि यंत्र पुन्हा घरघरू लागलं.

"नवा काढून जुना?" दादा म्हणाला. "तुझ्याच कागदावर तर लिहिलंय, नवा घाला."

"चुकीचं लिहिलंय मी." तिला रडूच फुटलं.

बाबांनी आधी पोटभर श्वास घेतला. मग हळूच विचारलं, "तो कागद सगळ्यांच्या घरी गेलाय ना गं?"

तिने होकारार्थी मान हलवली आणि डोळे न पुसताच, सूचना मागे घ्यायला, मुकादमांचा नंबर फिरवला.